न पाहिलेला धप्पा

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीच्या काठावर उभं राहायचं तर आधी कॅमेऱ्याची सोय बघावी लागते. जाड प्लास्टिकची पिशवी, तिला लेन्सच्या तोंडाएवढं भोक, वरून दोन रबरबँड. स्वतःची सोय बघण्यात अर्थ नसतो. ज्यांनी रहाड पाहिलेली नाही त्यांना एवढंच सांगतो, की हे पेशवेकाळातले मोठाले हौद. वर्षभर झाकलेले असतात, वरून रिक्षा आणि स्कूटर जात-येत असतात, आणि पायाखाली हौद आहे हे नव्या माणसाला सांगूनही पटत नाही. रंगपंचमीला ते उघडतात, पूजा होते, रंगाचं पाणी भरलं जातं. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. मग माणसं त्यात उड्या मारतात. त्या उडीला म्हणायचं धप्पा.

तिवंधा चौकातल्या गर्दीत मी कोपरं आवळून उभा होतो. समोरचा एक पोरगा चार पावलं मागे सरकला, धावत आला आणि हवेत गेला. मी बटण दाबलं. खटाक. डोळ्यापुढे काळोख. पुन्हा दिसायला लागलं तेव्हा पोरगा नव्हता आणि रंगाची एक भिंत माझ्या दिशेने येत होती.

घरी आल्यावर, दोनदा अंग घासून झाल्यावर, फोटो मोठा करून पाहिला. पोरगा हवेत थांबलेला. गुडघे छातीशी, डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं. एका पायाचा अंगठा पाण्याला जेमतेम टेकलाय आणि त्या अंगठ्याभोवती रंगाचं एक कडं उठलंय, बांगडीएवढं. काठावरच्या एका आजींचा हात तोंडाकडे निघालाय, पोचलेला नाही. फोटो झकास होता. पण एक गोष्ट मनातून जाईना. यातलं मी काहीच पाहिलेलं नव्हतं. उडीच्या आधीचं पाहिलं होतं, नंतरचं तर अंगावरच घेतलं होतं. मधलं, म्हणजे फोटोत आहे नेमकं तेवढंच, मला दिसलं नव्हतं.

हा माझा वेंधळेपणा नव्हे. डीएसएलआर कॅमेऱ्याची रचनाच तशी आहे. हा कॅमेरा डोळ्याला लावून काढलेल्या प्रत्येक फोटोचं असंच असतं: फोटोत जो क्षण आहे, तो काढणाऱ्याने पाहिलेला नसतो.

डीएसएलआर म्हणजे डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स. त्या शेवटच्या शब्दात एक आरसा दडलेला आहे. तो मला पहिल्यांदा नीट दाखवला मेन रोडच्या गल्लीतल्या एका काकांनी. ते कॅमेरे दुरुस्त करतात. दुकान इतकं चिंचोळं की गिऱ्हाइकाने आत यायचं तर काकांना खुर्ची उचलावी लागते. त्यांनी माझ्या कॅमेऱ्याची लेन्स फिरवून काढली आणि म्हणाले, “नुसतं बघा. बोट घालायचं नाही.”

आत बोटभर रुंदीचा एक आरसा पंचेचाळीस अंशांत तिरका बसलेला. लेन्समधून येणारा उजेड त्याच्यावर आपटतो आणि वर जातो. वर, कॅमेऱ्याच्या त्या टेंगळासारख्या भागात, पंचकोनी काचेचा ठोकळा असतो. स्वस्त कॅमेऱ्यात ठोकळ्याऐवजी आरसेच जोडलेले असतात. लेन्स कुठल्याही दृश्याला डोक्यावर उभं करते. आरसा आणि हा ठोकळा मिळून त्याला पुन्हा पायांवर आणतात आणि मागच्या खिडकीतून आपल्या डोळ्यात सोडतात. या खिडकीत ना इलेक्ट्रॉनिक स्क्रीन आहे, ना यंत्राने रंगवलेलं चित्र. पोराच्या अंगावरून निघालेला उजेडच दोन-चार वळणं घेऊन आपल्यापर्यंत येतो. मोबाइलच्या स्क्रीनवर बघण्यात आणि या खिडकीतून बघण्यात तोच फरक आहे, जो टीव्हीवर मिरवणूक बघण्यात आणि गॅलरीतून बघण्यात आहे.

अडचण एकच. फोटो ज्याच्यावर उमटायचा तो सेन्सर आरशाच्या पाठीमागे असतो. लेन्स एक, उजेड एक आणि दावेदार दोन: डोळा आणि सेन्सर. दोघांना एकाच वेळी देता येत नाही. म्हणून बटण दाबताच आरसा वर उसळतो, खिडकी बंद होते, सगळा उजेड सेन्सरकडे जातो. काम झालं की आरसा खाली. आपण ज्याला फोटोचा आवाज समजतो तो बराचसा या आरशाच्या आदळआपटीचा आवाज असतो.

साधारण एक दशांश सेकंदाच्या त्या काळोखात काय काय उरकतं ते काकांनी पेचकसाच्या टोकाने दाखवलं. आपल्याला खिडकीतून स्वच्छ दिसावं म्हणून लेन्सचं भोक तोवर पूर्ण उघडं ठेवलेलं असतं. बटण दाबल्यावर आतली पाती मिटून आपण ठरवलेल्या मापाला येतात. आरसा उठतो. सेन्सरसमोरचा पहिला पडदा सरकतो. त्यामागे दुसरा पडदा येतो. आरसा खाली पडतो, किंचित उसळतो, स्थिरावतो. पाती पुन्हा उघडतात. साधासुधा कॅमेरासुद्धा सेकंदात हे तीनचार वेळा करतो, आणि पाच-दहा वर्षं करत राहतो. स्वयंपाकघरातला मिक्सर इतका टिकला तर आपण त्याची दृष्ट काढू.

त्या दोन पडद्यांची गंमत थांबून ऐकण्यासारखी आहे. शटर स्पीड, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/६० सेकंद ठेवला तर पहिला पडदा बाजूला होतो, सेन्सर पूर्ण उघडा पडतो आणि मग दुसरा पडदा येऊन तो झाकतो. सरळ हिशेब. पण १/२००० ठेवला तर? पडद्याला सेन्सर ओलांडायलाच सुमारे १/२५० सेकंद लागतो. मग त्याच्या आठपट कमी वेळ उजेड द्यायचा कसा? युक्ती अशी, की पहिला पडदा पलीकडे पोचायच्या आत दुसरा निघतो. दोघांच्या मधली एक बारीक फट तेवढी सेन्सरवरून सरकत जाते. बहुतेकांच्या हातातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम सोळा मिलिमीटर उंच असतो. १/२००० ला ही फट दोन मिलिमीटरची, १/४००० ला एकच मिलिमीटरची. सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडा असा कधी नसतोच. झेरॉक्स यंत्रातला दिवा कागदाखालून सरकतो, तसा फोटो काढला जातो.

म्हणजे माझ्या त्या रहाडीच्या फोटोत पोराचं डोकं एका क्षणाचं आहे आणि अंगठा दुसऱ्या क्षणाचा. दोघांत तीन-चार मिलिसेकंदांचं अंतर. तेवढ्यात तो दोनेक सेंटीमीटर खाली आला असणार. आपण ज्याला ‘टिपलेला क्षण’ म्हणतो तो वरून खालपर्यंत शिवलेला असतो. आणि फ्लॅश लावला की कॅमेरा १/२०० किंवा १/२५० च्या पुढे सहसा का जाऊ देत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. फ्लॅश एका लखलखाटात संपतो. त्या वेळी फटच उघडी असली तर फोटोत उजेडाचा एक पट्टा आणि बाकी काळोख. लग्नातल्या फोटोंत मामा अर्धे काळे आले असतील तर मामांना दोष देऊ नये.

इथवर मला वाटत होतं, की त्या काळोखात आंधळा मी एकटाच असतो. नांदूर मध्यमेश्वरला ते खोटं ठरलं.

नाशिकहून चाळीसेक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून या पाणथळीची नोंद झाली. हिवाळ्यात पहाटे चापडगावच्या बाजूला गेलं, की गार वाऱ्यात मोठमोठ्या लेन्स घेतलेली माणसं दिसतात, आणि सगळी एकमेकांशी कुजबुजत बोलतात. मला तिथला कवड्या धीवर आवडतो. काळापांढरा, कबुतराहून लहान. पाण्यावर दहा-पंधरा फुटांवर हवेतल्या हवेत पंख मारत एका जागी थांबतो, मान इतकी स्थिर, की खिळा ठोकल्यासारखी. मग अचानक खाली सूर.

या सुरावर कॅमेरा फोकस कसा धरतो? मोठ्या आरशाचा मधला भाग पूर्ण अपारदर्शक नसतो. थोडा उजेड त्यातून पलीकडे जातो. पाठीमागे एक चिमुकला दुसरा आरसा तो उजेड खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकसच्या सेन्सरकडे वळवतो. तिथे लेन्सच्या एका कडेने आलेलं दृश्य आणि दुसऱ्या कडेने आलेलं दृश्य यांची तुलना होते. आपले दोन डोळे जसं अंतर सांगतात, तसंच. दोन्ही दृश्यं जुळली तर फोकस बरोबर; जुळली नाहीत तर किती आणि कुठल्या दिशेला चुकलंय हे एका मापात कळतं. चाचपडायची गरज नाही.

पण आरसा वर गेला की हा चिमुकला आरसाही मिटतो. फोकसचा सेन्सरसुद्धा काळोखात. धीवर खाली कोसळतोय, माझ्या डोळ्यापुढे अंधार, फोकसच्या डोळ्यापुढे अंधार, आणि फोटो मात्र याच वेळेत निघायचा आहे. मग कॅमेरा काय करतो? अंदाज बांधतो. कंटिन्युअस फोकसची सेटिंग लावली असेल, तर तो आधीच्या काही मापांवरून पक्षी किती वेगाने जवळ येतोय ते काढतो आणि आरसा उठल्यानंतर, पडदा सरकायच्या क्षणी पक्षी जिथे *असेल* तिथे लेन्स आधीच नेऊन ठेवतो. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये उंच उडालेला चेंडू सूर्यात दिसेनासा होतो आणि तरी आपण बरोबर त्याच्या खाली जाऊन उभे राहतो, त्यातलाच हा प्रकार. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी घरी येऊन त्या दिवसाचे सगळे फोटो पुन्हा बघितले. सत्तावीस फोटोंत धीवर तीनदा धारदार आला होता. तीन वेळा एका आंधळ्या यंत्राने भविष्य बरोबर सांगितलं होतं.

नांदूरलाच कॅमेऱ्याचा दुसरा एक दुराग्रह कळला. पांढराशुभ्र बगळा उन्हात उभा. फोटोत तो मळकट आला, जुन्या बनियनच्या रंगाचा. उलट काळाराम मंदिराच्या बाहेर उभं राहून काढलेल्या फोटोत, सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या त्या देवळाच्या काळ्याभोर पाषाणाचा रंग राखाडी. कारण कॅमेऱ्याला काय दिसतंय हे त्याला कळत नाही. फक्त किती उजेड येतोय ते कळतं. आणि त्याची समजूत अशी, की जग सरासरीने करड्या रंगाचं आहे. नवे कॅमेरे जरा शहाणे झालेत, तरी समोर फार पांढरं आलं की ‘उजेड जास्त झाला’ म्हणून ते आवरतं घेतात. काळं आलं की ‘कमी पडला’ म्हणून हात सैल सोडतात. दोघांनाही करडं करून मोकळे. अधिक-उणे चिन्हाचं ते छोटं बटण याचसाठी असतं आणि ते उलट्या अकलेने वापरावं लागतं: पांढऱ्यासाठी अधिक, काळ्यासाठी उणे. माझ्या मते सगळ्या कॅमेऱ्यात मोलाचं बटण हेच, आणि सगळ्यांत कमी दाबलं जाणारंही.

कॅमेऱ्यावरच्या बाकी आकड्यांपैकी लेन्सच्या भोकाचा आकडा, अ‍ॅपर्चर, नव्या माणसाला छळतो, कारण आकडा लहान तर भोक मोठं. तो खरं तर भागाकार आहे. पन्नास मिलिमीटरची लेन्स एफ २ ला पंचवीस मिलिमीटर उघडते, एफ १६ ला जेमतेम तीन. भोक लहान झालं की जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट येतं. हे समजायला कॅमेरा लागतच नाही. चष्मा घरी विसरलेला माणूस नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर बसची पाटी वाचताना डोळे किलकिले करतो, तेव्हा तो एफ १६ लाच गेलेला असतो.

आयएसओबद्दल मात्र सावकाश सांगायला हवं, कारण मला स्वतःला ते फार उशिरा समजलं. पांडवलेण्यांतल्या अठराव्या क्रमांकाच्या चैत्यात शिरलं, की बाहेरचं ऊन एकदम मागे राहतं. खांब दिसतात, स्तूप दिसतो, पण सगळं दुधी अंधारात. तिथे आयएसओ ६४०० करून काढलेल्या फोटोत दगडावर रवाळ ठिपके येतात, कोणीतरी रांगोळी विस्कटल्यासारखे. बरीच वर्षं मी समजत होतो, की हा कॅमेऱ्याचा कच्चेपणा. थोडा असतोही. पण बराचसा दोष उजेडाचा असतो. उजेड हा दाणेदार आहे. तो फोटॉनच्या थेंबांनी येतो आणि थेंब आपल्या मर्जीने पडतात.

त्र्यंबकला जूनमधला पहिला पाऊस सुरू होताना देवळाच्या फरसबंदीकडे बघा. पहिल्या अर्ध्या मिनिटात एका फरशीवर नऊ थेंब, शेजारच्या फरशीवर चार, पलीकडे तेरा. पाऊस सगळीकडे सारखाच पडतोय, तरी फरशा सारख्या भिजलेल्या नाहीत. दहा मिनिटं धो-धो पडल्यावर हा फरक कुठल्या कुठे जातो. सेन्सरवरचे उजेड मोजणारे ठिपके म्हणजे त्या फरशा. भर उन्हात प्रत्येकावर हजारोंनी फोटॉन पडतात, फरक नजरेला येत नाही. चैत्यात शंभर पडायच्या जागी कुठे नव्वद पडतात, कुठे एकशे दहा. आयएसओ वाढवल्याने पाऊस वाढत नाही. जे पडलं त्याला फक्त मोठ्या आकड्याने गुणलं जातं, आणि त्यासोबत त्यातली असमानताही. चैत्याच्या फोटोतला तो रवाळपणा म्हणजे उजेडाचा पहिला पाऊस आहे, हे कळल्यापासून मी ते ठिपके संगणकावर पुसत बसत नाही.

रंगाचं प्रकरण आपल्या आया-मावश्यांना आपल्याआधीपासून ठाऊक आहे. येवल्यात पैठणी घेताना कोणती बाई दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवते? साडी दारापर्यंत, उन्हात नेल्याशिवाय होकार नाही. दिव्याखाली आणि उन्हात एकच साडी निराळा उजेड परत पाठवते, पण आपला मेंदू दोन्हीकडे ‘हिरवीच आहे’ म्हणून आपल्याला फसवत राहतो. कॅमेरा फसत नाही, म्हणून त्याला उजेडाची जात सांगावी लागते: समई दोन हजार केल्व्हिनच्या खाली, दुपारचं ऊन साडेपाच हजारांच्या आसपास, सावली सात-आठ हजार. व्हाइट बॅलन्स म्हणजे एवढंच. त्याहून नवल मला दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची काच असते. निम्मे ठिपके फक्त हिरवं मोजतात, पाव लाल, पाव निळं. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना या मांडणीचं पेटंट १९७६ साली मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. प्रत्येक ठिपक्याला लागणाऱ्या तीन रंगांपैकी एकच मोजलेला. उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून ठरवलेले. म्हणजे पैठणीच्या फोटोतला दोन तृतीयांश रंग हा अंदाज असतो. आणि तरी मोर मोरासारखाच दिसतो.

आता शटर स्पीडचं दुसरं टोक. पहाटे साडेपाचला रामकुंडावर तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून मी तीस-तीस सेकंदांचे चार फोटो काढले. घाटावर तेव्हाही वर्दळ होती. स्नानाला आलेले, फुलवाल्या, श्राद्धकर्माला आलेली कुटुंबं. फोटोत घाट ओस. जे चालत होते ते तीस सेकंदांत कुठेच पुरेसे थांबले नाहीत, म्हणून कुठेच उमटले नाहीत. गोदावरीचं पाणी दुधासारखं झालं, सोडलेल्या दिव्यांच्या सोनेरी रेघा झाल्या. आणि त्या ओस घाटावर एक माणूस मात्र ठळक बसलेला: मुंडनाला बसलेले एक गृहस्थ, मान खाली घालून, स्तब्ध. वस्तरा चालवणारा हात नाहीसा झाला होता. डोकं तेवढं राहिलं.

१८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांनी खिडकीतून एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला होता. वेळ इतका लागला, की घोडागाड्या आणि माणसं सगळी विरून गेली; उरला तो बुटाला पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय वर ठेवून उभा असलेला माणूस. छायाचित्रात सापडलेल्या पहिल्या माणसांमध्ये त्याची गणना होते. त्याचे बूट आणि आमच्या गृहस्थांचं डोकं, दोघांनाही सेवा घेण्यासाठी स्थिर राहावं लागलं आणि म्हणून दोघे टिकले.

इतक्या सावकाश गोष्टी डोळ्याला दिसत नाहीत, इतक्या झटपटही दिसत नाहीत. डोळा मधल्या पट्ट्यात राहतो. हे ज्याला आपल्या भागात सर्वांत आधी आणि अंगावर काटा येईल इतकं कळलं, तो माणूस त्र्यंबकेश्वरचा. ३० एप्रिल १८७० ला तिथे जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईत तंबूत आणि चित्रगृहांत ते सिनेमे बघत राहिले, रात्री प्रयोग, झोप नाही, आणि ताणाने त्यांची दृष्टीच काही काळ गेली. उपचारांनी ती परत आली. १९१२ साली ते लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा घेऊन आले. आता चित्रपट काढायचा तर भांडवल हवं. आणि भांडवल देणाऱ्याला काय दाखवायचं? फाळक्यांनी ना नटी शोधली, ना राजवाडा. कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभर थोड्या थोड्या चौकटी टिपत गेले. मग पडद्यावर बघणाऱ्यांसमोर माती फुटली, कोंब वर आला, रोप झालं.

त्यांनी दिवसाला एकच चौकट घेतली असं लिहिलेलं वाचायला मिळतं. मला ते हिशेबात बसत नाही. मूकपटाच्या सेकंदाला सोळा चौकटी. तीस चौकटी दोन सेकंदांत संपतील. मिनिटभराची फिल्म म्हटली तर ९६० लागतात, म्हणजे दिवसाला तीस-बत्तीस. रोज तीस वेळा कुंडीपुढे येऊन एकेक चौकट टिपणारा, नुकतीच नजर परत मिळालेला चाळिशीतला माणूस डोळ्यांसमोर आणून बघा. पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ ला, ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी कंपनी नाशिकला हलवली. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. तिथे फोटो काढणारे पुष्कळ, वाटाण्याची आठवण काढणारं कोणी भेटलं नाही.

माझ्या कॅमेऱ्यात इंटरव्हल टायमर नावाची सेटिंग आहे. फाळक्यांचा महिना तीन बटणांत. डिसेंबरात मी गच्चीवरच्या खोलीत वाटाणा पेरला, दर वीस मिनिटांनी एक फोटो असं लावून दिलं आणि निवांत झालो. चार दिवसांनी जोडून बघितलं तर पडद्यावर वीज चमकल्यासारखी लुकलुक. सेटिंग ऑटोवर राहिली होती. ढग आला की कॅमेरा आपलं मत बदलत होता. दुसऱ्या खेपेला मोड डायल एमवर, म्हणजे मॅन्युअलवर, खिडकीवर गोधडी, एक दिवा चोवीस तास. तरी बारीक लुकलुक राहिलीच. कारण काकांनी सांगितलं: दर फोटोला लेन्सची पाती नव्याने मिटतात आणि दोनदा अगदी त्याच मापाला कधी येत नाहीत. भोक पूर्ण उघडं ठेवलं, पात्यांचं कामच संपवलं, आणि लुकलुक थांबली. बारा दिवस, ८६४ फोटो, छत्तीस सेकंद. कोंब सरळ वर जात नाही. त्याचा शेंडा गोल गोल फिरतो, आंधळ्याने काठीने वाट चाचपावी तसा, आणि फिरत फिरत वर चढतो. रोज पाणी घालताना मी त्या रोपाकडे बघत होतो. ते हललेलं मला एकदाही दिसलं नाही.

आरशाचे कॅमेरे आता मागे पडत चाललेत. कॅननचा वन-डी एक्स मार्क थ्री आणि निकॉनचा डी-सिक्स २०२० साली आले. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी त्या तोलाचा आरसेवाला कॅमेरा काढलेला नाही. नव्या कॅमेऱ्यांत आरसा नाही, खिडकीत छोटा स्क्रीन आहे आणि काहींत फोटो निघत असतानाही समोरचं दिसत राहतं. काका त्यांना ‘मुके’ म्हणतात. त्यांच्या धंद्याच्या दृष्टीने ते खरंच आहे. ज्यात आदळत नाही त्यात मोडायलाही कमी.

गेल्या महिन्यात माझ्या कॅमेऱ्याचा आरसा अडकायला लागला म्हणून मी पुन्हा त्या चिंचोळ्या दुकानात गेलो. काकांनी साफसूफ केली आणि संगणकाला जोडून शटर किती वेळा उघडलंय ते बघितलं. नऊ वर्षांत बासष्ट हजार. “लाखापर्यंत जाईल,” म्हणाले, पाठ थोपटल्यासारखं. मी तिथेच मोबाइलवर हिशेब केला. बहुतेक फोटो १/५०० च्या आसपासचे. बासष्ट हजार भागिले पाचशे: १२४ सेकंद. नऊ वर्षांत या सेन्सरने एकूण दोन मिनिटं चार सेकंद जग पाहिलं होतं. आणि त्यासाठी प्रत्येकी एक दशांश सेकंद मी काळोखात काढला होता, म्हणजे एक तास त्रेचाळीस मिनिटं. यात रामकुंडावरचे ते चार फोटो धरलेले नाहीत. ते एकटेच दोन मिनिटांचे आहेत.

काकांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, लेन्स बसवली, ती ‘टक’ असा आवाज करून जागेवर आली, आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. “काढून बघा एक.”

मी खिडकीला डोळा लावला. काका पेचकस हातात धरून खुर्चीत ताठ बसले, मागे भिंतीवर बंद पडलेले वीसेक कॅमेरे पट्ट्यांनी लटकत होते. बटण दाबलं. खटाक, काळोख, पुन्हा काका.

स्क्रीनवर बघितलं तर फोटोत काकांनी डोळे मिटले होते. त्या क्षणी दुकानात कॅमेऱ्याखेरीज बघणारं कोणी नव्हतं.